झाड शिवारात, पैसा शहरात

(माधवनगर येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



ज्वारी-कापूस पिकवणाऱ्यांच्या बैठकीत झाडांचे काय काम, असे कुणी विचारील. कापसाच्या भावाचे सोडून जंगलाचे कशाला काढता, असेही म्हणेल. पण गेल्या काही वर्षांत झाडाचा माणूस आपल्या गावोगाव येऊन गेला आहे. कुणी म्हणतो बांबू लावा. कुणी म्हणतो साग लावा. कुणी कागद पुढे करतो आणि म्हणतो, झाडे तुमची, ती हवेतला कार्बन शोषतील, त्याचे पैसे आम्ही मिळवून देतो, इथे सही करा. गायरानावर खड्डे खणायला खात्याची माणसे येतात. बोलणे सगळ्यांचे एकाच ठिकाणी येऊन थांबते: झाडे लावा, खेडे श्रीमंत होईल.

झाडाला आमचा विरोध नाही. भर उन्हात बांधावरच्या लिंबाखाली बसून भाकरी खाणारा माणूस झाडाविरुद्ध बोलेल कसा? आम्हाला विचारायचा आहे तो हिशेब. झाड वाढले आपल्या शिवारात, त्याचा पैसा कुठे गेला?

केंद्र सरकारने २०२३-२४ साली घरखर्चाची पाहणी केली. खेड्यातला माणूस महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये खर्च करतो आणि शहरातला ६,९९६. खेड्यात शंभर, तर शहरात एकशे सत्तर. हा झाला नुसता खर्च. ज्याच्याजवळ खर्चून शिल्लक उरते त्याची शिल्लक यात धरलेली नाही. त्याआधी २०१८-१९ ची शेतकरी कुटुंबांची सरकारी पाहणी आहे. शेतकऱ्याच्या घरात महिन्याला सरासरी १०,२१८ रुपये आले. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. ज्याला सरकार शेतकरी म्हणते, त्याचे घर पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालते. हे अंतर झाडांनी कमी होते की वाढते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर सरळ आहे. झाड स्वतः कुणाला श्रीमंत करीत नाही आणि गरीबही करीत नाही. तीन गोष्टी बघायच्या. झाड तोडायचा आणि विकायचा हक्क कुणाचा? माप कोण घेतो आणि भाव कोण ठरवतो? लाकडाची वस्तू होते ती कुठे? या तिन्ही गोष्टी गावाबाहेर असतील, तर झाडे कितीही लावा, गावाच्या वाट्याला खड्डे खणायची मजुरी येईल आणि बाकीचा पैसा ट्रकात बसून जाईल.

कापसाने शिकवलेला धडा

ही गोष्ट कापूसवाल्यांना वेगळी समजावून सांगायला नको. कापूस शेतातून निघतो तेव्हा त्याला एक भाव असतो. पुढे सरकी आणि रुई वेगळी होते, रुईचे सूत होते, सुताचे कापड होते. माधवनगरला आणि विट्याला मागाचा आवाज नवा नाही. प्रत्येक पायरीवर भाव वाढतो, आणि ज्याच्या हातात पायरी त्याला त्या वाढीतला वाटा मिळतो. आपल्या हातात पहिलीच पायरी. दुष्काळ, बोंडअळी आणि कर्ज हे सगळे त्याच पायरीवर.

झाडाचेही तसेच आहे. उभे झाड, तोडलेला ओंडका, कापलेली फळी आणि शहरातल्या घराचा दरवाजा या चार पायऱ्या. फरक एवढाच की कापूस एका हंगामात निघतो आणि झाड वीस वर्षे घेते. म्हणून झाडात फसलेला शेतकरी वीस वर्षांनी फसतो, आणि तेव्हा ज्याने सल्ला दिला तो जागेवर सापडत नाही.

जंगलाचा माल स्वस्त कसा ठेवला

आता जुना हिशेब बघू. आपल्या सीमेपलीकडे, कारवार जिल्ह्यात, दांडेलीला कागदाचा कारखाना आहे. १९५० च्या दशकात तो उभा राहिला तेव्हा तिथल्या सरकारने त्याला सरकारी जंगलातला बांबू दीड रुपया टन या दराने देऊ केला. दीड रुपया, आणि तोही टनाला. त्याच मुलखातला बुरूड बुट्ट्या, सुपे, कणग्या विणायला बांबू घ्यायचा, त्याला बाजारभाव. पुढे बांबू संपत आला तशी बुरुडांनी ओरड केली. १९७५ च्या सुमारास माधव गाडगीळ यांनी तिथे अभ्यास सुरू केला आणि हा दर साऱ्या देशापुढे आला. कागद वापरणारे शहर, कारखाना चालवणारे शहर, आणि बांबूचे रान व बुरूड खेड्याचे. स्वस्त बांबूची तूट कुणी भरली ते सांगायला नको.

आपल्या राज्यात १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराचा कायदा झाला आणि तेंदूपानाचा व्यापार सरकारने आपल्या हातात घेतला. विदर्भातल्या रानात उन्हातान्हात पान तोडणाऱ्या बाईला पुड्याची मजुरी मिळे. पानाचा लिलाव सरकार करी. पानाची विडी सिन्नरला, सोलापूरला होई. पान जिच्या रानातले, तिला पानाची किंमत ठरवता येत नव्हती.

शेवटी १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणात सरकारने लिहून दिले की कारखान्यांना जंगलाचा माल सवलतीत देणे बंद करावे आणि कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावे. कागदावर आले हे चांगलेच झाले. पण तोवर तीस वर्षे निघून गेली होती. आणि या तीस वर्षांत ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या रानात झाड लावले, त्याला बाजारात सरकारच्याच स्वस्त लाकडाशी झुंजावे लागले.

ज्यांनी लावले त्यांचे काय झाले

१९८० च्या दशकात निलगिरीची लाट आली. गुजरातेत, उत्तर प्रदेशात, आपल्या नाशिककडे शेतकऱ्यांनी निलगिरी लावली. नाशिकला विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने १९८३ साली निलगिरी लावणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली. एकट्याने विकले तर व्यापारी मारतो, म्हणून एकत्र विकू, हा त्यामागचा विचार. तो आजही खरा आहे. पण दशक संपता संपता तोडीला आलेले लाकूड एकदम बाजारात आले, सरकारी लाकूड स्वस्त होतेच, आणि भाव पडला. अनेकांनी खुंट उपटून पुन्हा पिके घेतली.

१९९० नंतर सागाची लाट आली. त्या वेळी शहरातल्या पगारदारांनीही पैसे गुंतवले. सागवानाच्या कंपन्या झाडाचे कागद विकत होत्या आणि वीस वर्षांत लाखांची स्वप्ने दाखवत होत्या. त्यातल्या कितीतरी बुडाल्या आणि १९९९ साली सेबीला अशा योजनांसाठी नियम करावे लागले. शहरातलाही साधा माणूस त्यात नागवला. म्हणून आम्ही शहरातल्या माणसाला शत्रू म्हणत नाही. व्यवहाराची जी रीत आहे, तिच्यावर आमचे बोट आहे.

दुसरा अडथळा कायद्याचा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, चंदन, खैर तर आहेतच, पण आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह ही आपल्या बांधावरची झाडेही आहेत. स्वतः लावलेले, स्वतः पाणी घातलेले झाड विकायचे तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. लाकूड न्यायचे तर वाहतुकीचा पास. बांबू तर गवताच्या जातीचा, पण १९२७ च्या वनकायद्यात तो झाड म्हणून लिहिला होता. जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून काढायला २०१७ साल उजाडावे लागले. नव्वद वर्षे लागली!

कायदा जंगल राखण्यासाठी आहे, हे खरे. पण त्याचा बाजारात काय परिणाम होतो ते पहा. हेलपाटे घालायला शेतकऱ्याला वेळ नाही. म्हणून तो म्हणतो, परवाना तूच काढ, तोड तूच कर, मला काय ते उक्ते दे. इथेच भाव मरतो.

माप शिकून घ्या

लाकडाचा व्यापारी झाडाकडे नजर टाकतो आणि उक्ता आकडा सांगतो. विकत घेताना नजरेने घेतो, आणि वखारीत विकताना घनफुटाने विकतो. नजर आणि घनफूट यांच्यात जो पैसा आहे तो आपला आहे.

वखारीतले जुने माप असे: ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून घेर घ्यायचा. त्याचा चौथा हिस्सा काढायचा. चौथा हिस्सा गुणिले चौथा हिस्सा गुणिले लांबी, म्हणजे घनफूट. घेर चार फूट, लांबी नऊ फूट असेल तर चौथा हिस्सा एक फूट. एक गुणिले एक गुणिले नऊ, झाले नऊ घनफूट. पण गोल ओंडक्यात खरे लाकूड साडेअकरा घनफुटांच्या जवळ असते. या मापात शंभरातले एकवीस घनफूट धरलेच जात नाहीत. कापताना भुसा आणि सालपटे जातात, त्यापोटी ही सूट, असे सांगतात. असेल. पण मग आधीच सूट घेतलेल्या मापावर आणखी पोकळीची सूट, वाकडेपणाची सूट, असे मागणाऱ्याला विचारता आले पाहिजे की एकवीस तर तुम्ही अगोदरच घेतले, आता कशाची? शाळेत जाणारे पोर हा हिशेब करील. दोरी आणि फूटपट्टी एवढाच खर्च.

जिथे पैसा गावात राहिला

आता कुठे जमले तेही सांगतो.

हरियाणात यमुनानगर आहे. तिथल्या आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी पॉपलर लावले. १९८४ च्या सुमारास काडेपेटीच्या कारखान्याने रोपे दिली, नाबार्डने कर्ज दिले, खरेदीची हमी मिळाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला लगाम घातला, तेव्हा प्लायवूडचे कारखाने शेतातल्या लाकडाकडे वळले. कारखाने शेताजवळ, घेणारे पुष्कळ, म्हणून लाकूड विकण्यासाठी मुंबई-दिल्ली करावी लागली नाही. तिथेही मध्ये भाव कोसळला, तेही सांगितले पाहिजे. पॉपलर पाण्याचे झाड आहे, आपल्या जत-आटपाडीच्या माळावर ते येणार नाही. घ्यायची ती रीत.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचे आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी १९६५ साली तासगाव भागात राबवून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापला जाई, आणि सरकार त्यात आपली भर घाली. शहराकडून खेड्याकडे सरळ पैसा वाहण्याची एवढी मोठी वाट आपल्या राज्यात दुसरी क्वचितच झाली असेल. दुष्काळात हजारो घरांच्या चुली तिने पेटत्या ठेवल्या.

याच पैशातून वनीकरणाची कामेही झाली. खड्डे खणले, रोपे लावली, मजुरी मिळाली. मजुरी संपली की संबंध संपला. झाड खणणाऱ्याचे नव्हते, मग ते राखायचे कुणी? पण १९९० साली त्याच रोजगार हमीला फळबागेची जोड दिली. मजुरी सरकारची, जमीन शेतकऱ्याची आणि झाडही शेतकऱ्याचेच. फळ विकायला कुणाचा पास लागत नाही. आटपाडीच्या, सांगोल्याच्या माळावर बोर आणि डाळिंब उभे राहिले. पुढे तेल्याने डाळिंब झोडपले, भाव वरखाली झाले, तरी कुसळे उगवणाऱ्या माळातून घरात पैसा आला. दोन्हीकडे पैसा एकाच योजनेचा, घाम सारखाच. फरक पडला तो मालकीने.

तिसरे उदाहरण गडचिरोलीचे. मेंढा-लेखा हे धानोरा तालुक्यातले गोंडांचे छोटे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. तरीही वाहतुकीचा पास खात्याने अडवून धरला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या समक्ष पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले. पास देणारी ग्रामसभा, भाव ठरवणारी ग्रामसभा. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावलाही हक्क मिळाला आणि तेही गाव आपला बांबू आपण विकू लागले. मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्याला गावातच काम मिळाले. बांबू तोच, जंगल तेच. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेले, एवढेच झाले.

घरातलेही बोलू

शहराकडे बोट दाखवताना आपल्या गावातही बघितले पाहिजे. गायरानावर झाडे लावून तारेचे कुंपण घातले की पहिला फटका कुणाला? ज्याला जमीन नाही त्याच्या शेळीला, धनगराच्या मेंढरांना, डोक्यावर जळण आणणाऱ्या बाईला. पंधरा एकरवाला दोन एकर झाडाखाली टाकून दहा वर्षे वाट बघू शकतो. तीन एकरवाल्याला यंदाची ज्वारी आणि कडबा पाहिजे. झाडांमुळे खेड्यातच एकाचे दोन झाले आणि दुसऱ्याचे होते तेही गेले, तर शहर आणि खेड्यातले अंतर कमी झाले असे आम्ही म्हणणार नाही.

जंगल राखण्याचाही खर्च असतो. सागरेश्वरचे उजाड डोंगर धो. म. मोहिते यांच्या ध्यासाने हिरवे झाले. माणसाने उभे केलेले अभयारण्य म्हणून सारा महाराष्ट्र त्याचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण हरणे कुंपण ओलांडून पिकात उतरतात तेव्हा रात्र जागवतो तो शेजारचा शेतकरी. चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्या रानाखाली धरणाचे पाणी टिकते, कोयनेची वीज मुंबई-पुण्याला उजळते. आणि ज्यांची गावे उठली त्यांच्या पुनर्वसनाचे अर्ज वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून फिरले. हवा, पाणी आणि वीज सर्वांची असेल, तर राखणीचा खर्चही सर्वांनी उचलावा.

तसा पैसा उभा राहिलेलाही आहे. खाणी, रस्ते, कारखाने यांना जंगलाची जमीन दिली की त्याची भरपाई एका निधीत जमा होते. त्यासाठी २०१६ साली कायदा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,००० कोटींहून जास्त रक्कम दिली, त्यातले ३,८४४ कोटी महाराष्ट्राचे. हा निधी खर्च होतो तो वनखात्याच्या आराखड्यातून. त्याच काळात, २०१६ ते २०१९, राज्यात ५० कोटी झाडांची मोहीम झाली, शेवटच्या पावसाळ्यात ३३ कोटींचे लक्ष्य होते. जाहीर झाले ते रोपांचे आकडे. ज्या गावाच्या रानात रोप लावले त्या गावाला त्या झाडात वाटा किती, हा आकडा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. पश्चिम बंगालमध्ये आराबारीला १९७२ पासून राखणाऱ्या गावकऱ्यांना उत्पन्नाचा चौथा हिस्सा देऊ केला आणि उजाड साल पुन्हा उभे राहिले. वाटा ठरला की राखण आपोआप होते.

सही करण्याआधी

तेव्हा गावी जाऊन काय करायचे ते सांगून आम्ही थांबतो.

एक. गायरानावर लागवड होणार असेल तर आधी ग्रामसभा. झाडात वाटा किती, जळण आणि वैरण कुणाला, शेळ्या-मेंढरांना कोणता तुकडा मोकळा, हे ठरावात लिहिल्याशिवाय खड्डा खणू देऊ नका. आणि त्या सभेला बिनजमिनीच्या घरांना आणि बायकांना बोलवा.

दोन. कार्बनचा करार असो की बांबूचा, मराठीत लिहून मागा. किती वर्षांचा? मध्ये झाड वाळले तर नुकसान कुणाचे? विकायचे ठरले तर दुसऱ्याला विकता येईल का? मिळालेल्या रुपयातले किती पैसे कंपनीचे? उत्तर तोंडी असेल तर सहीही तोंडीच द्या.

तीन. भरवशाचे पीक मोडून झाड लावू नका. बांध, नाल्याचा काठ, खडकाळ माळ इथे लावा. ज्वारी घरातली भाकरी आहे आणि कडबा जनावराची.

चार. एकेकट्याने उक्ते झाड विकू नका. गावातली विकाऊ झाडे एकत्र मोजा, माप लिहा, दोन-तीन व्यापारी बोलवा. दहा गावे मिळून करवत बसवता येते का, गावातल्या सुताराला काम देता येते का, याचा विचार पुढच्या बैठकीला घेऊन या.

पाच. सरकारकडे मागणी एकच ठेवू. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात लावलेल्या झाडाची सात-बाऱ्यावर नोंद, आणि त्या नोंदीवरच तोडायचा, विकायचा, न्यायचा हक्क. बांबूला २०१७ साली जे मिळाले ते बांधावरच्या बाकीच्या झाडांना का नाही?

झाडे लावायला आपण तयार आहोत. आपल्या बापजाद्यांनी आंबा, चिंच कुणी योजना सांगितली म्हणून लावली नाही. त्यांच्यानंतरच्यांनी ती उक्ती विकली आणि शहरातले दरवाजे-खिडक्या झाल्या. आता जे झाड लागेल त्याची दोरी आपण धरू, माप आपण घेऊ, भाव आपण सांगू.